मदतीचें पाणी आणि जुना पाट

संकटकाळीं सरकारनें शेतकऱ्यास हात द्यावा, याविषयीं आज कोणत्याहि देशांत फारसें दुमत नाहीं. वाद उत्पन्न होतो तो त्याच्या पुढच्या प्रश्नावर. हात द्यावयाचा तो शेतकरी कोण? जमीन ज्याच्या नांवावर आहे तो, पीक ज्याच्या मालकीचें आहे तो, कीं ज्याच्या श्रमानें तें उभें राहिलें तो? हे तिघे एकच असतील तर प्रश्न सुटलाच. परंतु ते निरनिराळे असले म्हणजे खजिन्यांतून निघालेला पैसा अखेर कोणाच्या ओटींत पडतो, हें पाहण्यासारखें असतें. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत अमेरिकेच्या सरकारनें आपल्या शेतकऱ्यांस जी अफाट मदत केली, तिचा इतिहास आम्हीं या दृष्टीनें पाहावयास घेतला, तेव्हां तो आम्हांस शहाऐंशी वर्षें मागें, आर्कान्सा संस्थानांतील एका लहानशा गांवापर्यंत घेऊन गेला. वाचकांनींहि ही वाट आमच्याबरोबर चालावी, अशी इच्छा आहे.

प्रथम साथीची हकीकत सांगूं. मार्च २०२० मध्यें तेथील शाळा, खाणावळी व उपाहारगृहें बंद झालीं. अमेरिकेंत अन्नाचा फार मोठा भाग घराबाहेर खाल्ला जातो. त्यासाठीं निघणारें दूध, अंडीं व बटाटे यांची बांधणी निराळी, वाहतूक निराळी आणि गिऱ्हाईकहि निराळें. तो माल एका रात्रींत घरगुती दुकानांकडे वळवितां येईना. एप्रिलमध्यें दूधवाल्यांनीं दूध ओतून दिलें. त्याच महिन्यांत साउथ डाकोटांतील सू फॉल्स, मिनेसोटांतील वर्दिंग्टन अशा ठिकाणचे मोठमोठे कत्तलखाने कामगारांत साथ पसरल्यामुळें बंद पडले. गोठ्यांतील डुकरें मात्र रोज वाढतच होतीं. ठराविक वजनापलीकडे गेलेलें जनावर कारखाना घेत नाहीं आणि मागून येणाऱ्या पिलांस जागा तर हवी. त्यामुळें कित्येक पाळणाऱ्यांवर आपलींच जनावरें मारून टाकण्याची पाळी आली. शहरांत दुकानांच्या फळ्या रिकाम्या आणि खेड्यांत माल वायां जातो, असा तो विपरीत देखावा होता.

१७ एप्रिल रोजीं शेतकी खात्यानें १,९०० कोटी डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांपैकीं १,६०० कोटी रोख शेतकऱ्यांस द्यावयाचे आणि ३०० कोटींचा माल विकत घेऊन गरजू कुटुंबांस वांटावयाचा, असें ठरलें. सप्टेंबरांत आणखी १,४०० कोटींपर्यंतचा दुसरा हप्ता आला. दोन्ही मिळून सुमारें ३,१०० कोटी डॉलर रोख वांटले गेले, आणि त्या वर्षींचीं इतर अनुदानें जमेस धरतां शेतकऱ्यांस सरकाराकडून थेट मिळालेली रक्कम ४,६०० कोटींच्या आसपास गेली. त्यापूर्वीं कोणत्याहि एका वर्षीं इतका पैसा या मार्गानें गेला नव्हता.

एवढी रक्कम इतक्या त्वरेनें वांटणें सरकारास साधलें कसें? जाहीरनाम्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत, २६ मे रोजीं, अर्ज घेण्यास प्रारंभहि झाला. याचें कारण हें कीं सरकारास नवें यंत्र उभारावें लागलें नाहीं. अमेरिकेंत संस्थानाच्या खालचा जो कारभाराचा विभाग, त्यास कौंटी म्हणतात. अशा दोन हजारांहून अधिक ठिकाणीं शेतकी खात्याच्या कचेऱ्या आहेत. तेथें प्रत्येक शेताचा क्रमांक, त्याचे एकर, त्यांतील पीक व पूर्वींचीं अनुदानें यांची नोंद असते, आणि कचेरीच्या शिरावर शेतकऱ्यांनींच निवडलेली समिति असते. साथीमुळें कचेऱ्यांचीं दारें बंद होतीं. तरी दूरध्वनीवर व टपालानें काम चाललें. पाट पूर्वींच खणलेला होता, पाणी सोडावयाचें तेवढें बाकी होतें. परंतु हा पाट केव्हां व कोणाच्या शेताकडे खणला गेला, हें पाहिल्यावांचून २०२० च्या मदतीचा अर्थ लागत नाहीं.

१९२९ च्या सुमारास कापसाला पौंडामागें सोळा-सतरा सेंट मिळत असत. १९३१-३२ सालीं भाव सहा सेंटांच्या आसपास उतरला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं अधिकारावर येतांच १२ मे १९३३ रोजीं शेतीच्या पुनर्घटनेचा एक कायदा मंजूर करून घेतला. त्याचें तत्त्व थोडक्यांत असें कीं, माल फार झाला म्हणून भाव पडला. तेव्हां शेतकऱ्यानें कमी पेरावें आणि न पेरल्याबद्दल सरकारनें त्यास पैसे द्यावे. पहिल्या वर्षीं कापूस आधींच शेतांत उभा होता, म्हणून सुमारें एक कोटी एकरांवरील उभें पीक नांगरून टाकण्यांत आलें. आणि सुमारें साठ लाख डुकरें, त्यांत बहुतेक पिलें, सरकारनें विकत घेऊन मारविलीं. देशांत लोक उपाशी असतां हें घडलें, त्याचा बोल रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीस कायमचा लागला. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत 'कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन' नांवाची सरकारी संस्था स्थापन झाली. २०२० च्या पहिल्या योजनेंतील ६५० कोटी डॉलर याच संस्थेच्या तिजोरींतून आले, यावरून तो पाट किती पक्का बांधला होता हें दिसेल. जानेवारी १९३६ मध्यें सुप्रीम कोर्टानें मूळ कायदा घटनाबाह्य ठरविला; तरी त्याच वर्षीं जमिनीच्या संरक्षणाच्या नांवानें व पुढें १९३८ सालीं नवे कायदे होऊन पद्धति कायम राहिली. कौंटीच्या समित्याहि त्याच काळांत जन्मल्या.

आतां आर्कान्सांतील पॉइनसेट कौंटीकडे वळूं. मिसिसिपी नदीच्या सपाट खोऱ्यांतील हा मुलूख त्या वेळीं कापसाचा होता. जमीन मोठ्या मळेवाल्यांची. कसणारे बहुतेक अर्धेलीनें राबणारे वाटेकरी, कांहीं गोरे, कांहीं कृष्णवर्णी. मालक जमीन, घर, बी व जनावर देई. वाटेकऱ्यानें सहकुटुंब राबावें, वर्षभर मालकाच्या दुकानांतून उचल घ्यावी आणि हंगामाच्या अखेरीस निम्म्या पिकांतून ती फेडावी. ज्यांनीं आपल्याकडील सावकारी पाहिली-ऐकिली आहे, त्यांस या हिशोबाचा शेवट कोणत्या बाजूस होई हें सांगावयास नको.

या व्यवस्थेंत सरकारचा पैसा आला, तेव्हां त्याची वांटणी कशी झाली पाहा. १९३४-३५ च्या कापसाच्या करारांत पेरणीबाहेर ठेवलेल्या जमिनीच्या अंदाजी पिकावर पौंडामागें एकंदर साडेचार सेंट द्यावयाचे होते. त्यांपैकीं साडेतीन सेंट जमिनीचें भाडें म्हणून मालकास. उरलेल्या एका सेंटाचे दोन भाग, अर्धा मालकास व अर्धा वाटेकऱ्यास. म्हणजे मालकाचे चार सेंट आणि वाटेकऱ्याचा अर्धा. पीक काढलें असतें तर त्यांत वाटेकऱ्याचा वांटा निम्मा होता. पीक न काढण्याच्या पैशांत तो नवमांश उरला! तो अर्धा सेंटहि पुष्कळदा मालकाच्या हातूनच यावयाचा आणि जुन्या उचलींत वळता व्हावयाचा. शिवाय पेरा कमी झाला म्हणजे माणसेंहि कमी लागणार. करारांत एक कलम होतें कीं, मालकानें शक्य तोंवर कुळांची संख्या कमी करूं नये. 'शक्य तोंवर' या दोन शब्दांच्या फटींतून शेंकडों कुटुंबें सडकेवर आलीं. दाद मागावी तर कौंटीच्या समितीकडे. आणि समितींत बसत ते मळेवाले किंवा त्यांचेच स्नेही. ज्याच्याविरुद्ध फिर्याद तो व जो न्याय करणार तो, दोघेहि एकाच पंगतीचे.

या कौंटींत टायरोन्झा म्हणून एक लहान गांव आहे. तेथें एच. एल. मिचेल कपडे धुण्याचें दुकान चालवीत आणि क्ले ईस्ट शेजारींच मोटारींना तेल विकत. दोघेहि समाजवादी विचारांचे. जवळच्या एका मळ्यावरून कुळांस घालवून देण्यांत आलें, तेव्हां जुलै १९३४ मध्यें अकरा गोरे व सात कृष्णवर्णी शेतकरी एका शाळेंत जमले आणि त्यांनीं 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' नांवाचा कुळांचा संघ स्थापन केला. गोऱ्यांचा एक व काळ्यांचा एक असे दोन संघ करावे, ही तेथील रूढीस धरून होणारी सूचना त्यांनीं नाकारली. या नकाराचें मोल समजण्यासाठीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, याच संस्थानांत एलेन या ठिकाणीं १९१९ सालीं, अवघ्या पंधरा वर्षांपूर्वीं, कृष्णवर्णी वाटेकऱ्यांनीं संघटना केली म्हणून त्यांची भीषण कत्तल झाली होती. पुढें टायरोन्झाच्या संघाच्या सभाहि उधळण्यांत आल्या, सभासदांस मारहाण झाली, मिचेल व ईस्ट यांस गांव सोडावें लागलें. तरी संघाची शाखा संस्थानाच्या बाहेर पसरली आणि सभासद हजारोंनीं वाढले.

राजधानींत काय झालें? शेतकी खात्याच्या कायदा शाखेंतील जेरोम फ्रँक व त्यांचे सहकारी यांनीं कराराचा असा अर्थ लावला कीं, मालकानें कुळांची नुसती संख्या नव्हे, तर तींच कुळें ठेविलीं पाहिजेत. हा अर्थ टिकला असता तर हजारों चुली विझल्या नसत्या. परंतु कायदेमंडळांतील दक्षिणेच्या मळेवाल्यांच्या प्रतिनिधींस दुखविणें सरकारास परवडणारें नव्हतें. फेब्रुवारी १९३५ मध्यें अर्थ लावणाऱ्यांनाच बडतर्फ करण्यांत आलें. १९३८ च्या कायद्यानें कुळांचा वांटा पिकांतील हिश्शाप्रमाणें द्यावा असें ठरविलें खरें. पण तेव्हां मालकांनीं वाटेकऱ्याच्या जागीं रोजंदार ठेवण्याचा सपाटा लावला. रोजंदाराला पिकांत हिस्सा नाहीं, म्हणून अनुदानांतहि नाहीं. सरकारच्या पैशानें ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरानें वाटेकरी गेले. कागदावरचा न्याय प्रत्यक्षांत कसा उलटतो, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या पाटाच्या दुसऱ्या फांट्याची हकीकतहि थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९२० सालीं अमेरिकेंत कृष्णवर्णी शेतकरी नऊ लाखांवर होते. आज ते पन्नास हजारांच्या घरांत आहेत. यंत्रें आलीं, लोक शहरांकडे गेले, हीं कारणें आहेतच. परंतु कौंटीच्या कचेऱ्यांनीं कर्जें व अनुदानें देतांना या शेतकऱ्यांशीं भेदभाव केला, हेंहि एक मोठें कारण होतें. पिगफर्ड खटल्यांत १९९९ सालीं तडजोड होऊन सरकारास शंभर कोटींहून अधिक डॉलर भरून द्यावे लागले, आणि राहिलेल्या दाव्यांसाठीं २०१० सालीं आणखी १२५ कोटींची तडजोड झाली. कित्येक कृष्णवर्णी कुटुंबांची अडचण तर आपल्या ओळखीची आहे. आजा मृत्युपत्र न करतां वारला, जमीन सर्व वारसांच्या नांवें अविभक्त राहिली, आणि कसणाऱ्या नातवाजवळ मालकीचा स्वच्छ कागद नाहीं. कागद नाहीं म्हणून शेताचा सरकारी क्रमांक नाहीं, आणि क्रमांक नाहीं म्हणून मदत नाहीं. अशा वारसांस दुसऱ्या पुराव्यावर क्रमांक द्यावा, ही मुभा कायद्यांत आली ती २०१८ सालीं!

या पार्श्वभूमीवर आतां पुन्हां २०२० कडे येऊं. मदतीचें माप ठरलें तें मालाच्या प्रमाणांत: धान्याला बुशेलमागें, जनावरांना नगामागें, दुधाला वजनामागें. ज्याचें पीक अधिक त्यास मदत अधिक, हा त्याचा उघड परिणाम. एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरांहून अधिक मिळूं नयेत अशी मर्यादा होती. पण व्यवहारांत खरोखर राबणारे तीन भागीदार असलेल्या मंडळीस ती साडेसात लाखांपर्यंत सैल करण्यांत आली. पहिल्या हप्त्यांत, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव शेंकडा पांच किंवा अधिक उतरला, तोच माल मुख्यतः पात्र ठरला. पॉइनसेट कौंटींत आतां कापसापेक्षां भात व सोयाबीन यांचें महत्त्व अधिक आहे. सोयाबीनला पहिल्याच हप्त्यांत मदत मिळाली, भाताला नाहीं. दुसऱ्या हप्त्यांत भाताला एकरीं पंधरा डॉलर मिळाले. शेतकऱ्यानें स्वतःचे आंकडे स्वतःच प्रमाणित करावयाचे, कागद मागाहून तपासावयाचे, अशी सवलत होती. तिच्यामुळें काम जलद झालें. पण कायदेमंडळाच्या हिशोबतपासनिसांनीं २०२२ सालीं दाखवून दिलें कीं, मागाहूनची तपासणी पुरेशी कसून झाली नव्हती.

परंतु आमचें लक्ष अधिक वेधलें तें ज्यांस कांहींच मिळालें नाहीं त्यांनीं. आर्कान्साच्या पश्चिम भागांत व दक्षिणेंतील इतर संस्थानांत कोंबड्यांचा मोठा धंदा आहे. तो कराराचा धंदा. पिलें कंपनीचीं, खाद्य कंपनीचें. शेतकऱ्याची शेड, शेडीवरचें कर्ज, वीज आणि रात्रंदिवसाची मेहनत. कोंबड्या वाढल्या कीं कंपनीची गाडी येते व वजनाप्रमाणें पाळणावळ मिळते. साथींत कारखाने मंदावले, तेव्हां कंपन्यांनीं पिलें कमी टाकलीं किंवा उशिरां टाकलीं. शेडी रिकाम्या राहिल्या. बँकेचे हप्ते मात्र राहिले नाहींत. सरकारचा नियम असा होता कीं, मालाच्या भावाची जोखीम ज्याच्या अंगावर, तोच मदतीस पात्र. कोंबडी पाळणाऱ्याची नाहीं, म्हणून नुकसानहि त्याचें नाहीं! टायरोन्झाच्या वाटेकऱ्यास जें उत्तर १९३४ सालीं मिळालें, तेंच शहाऐंशी वर्षांनीं या पाळणाऱ्यास मिळालें. भाषा तेवढी बदलली होती. डिसेंबर २०२० मध्यें कायदेमंडळानें ही चूक ओळखून शंभर कोटी डॉलरांपर्यंत तरतूद केली. परंतु पैसे देण्याचे नियम व्हावयास ऑगस्ट २०२१ उजाडला. ज्यांचीं नांवें नोंदींत होतीं त्यांस आठवड्यांत मिळालें. ज्यांचीं नव्हतीं त्यांस वर्ष लोटलें.

जुना अन्याय एका घावांत पुसून टाकण्याचाहि एक प्रयत्न झाला. मार्च २०२१ च्या कायद्यानें कृष्णवर्णी, मूळनिवासी इत्यादि शेतकऱ्यांचें सरकारी कर्ज फेडण्यासाठीं सुमारें ४०० कोटी डॉलर ठेवण्यांत आले. गोऱ्या शेतकऱ्यांनीं वर्णभेद म्हणून फिर्यादी केल्या, जूनमध्यें न्यायालयांनीं मनाई केली आणि ऑगस्ट २०२२ मध्यें तें कलमच रद्द झालें. त्याच्या जागीं संकटांतील कर्जदारांसाठीं एक, आणि सरकारी कर्जांत ज्यांच्याशीं भेदभाव झाला अशा कोणाहि शेतकऱ्यासाठीं दुसरी, अशा दोन तरतुदी आल्या; दुसरीखालीं जुलै २०२४ मध्यें ४३,००० हून अधिक लोकांस सुमारें २०० कोटी डॉलर वांटले गेले. घाईच्या कायद्यानें जें साधलें नाहीं, तें सावकाश चाललेल्या चौकशीनें कांहीं अंशीं साधलें. पण तोंपर्यंत किती जण शेती सोडून गेले असतील, याचा विचार मनास अस्वस्थ करतो.

येथें सरकारची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. साथ दारांत उभी असतां घरोघर फिरून कोण कसतो व कोण नुसता खंड खातो, हें पारखीत बसणें शक्य नव्हतें. मदत उशिरां पोंचण्यापेक्षां कांहींशी वांकडी पोंचलेली बरी, असें राज्यकर्त्यांस वाटलें तर त्यांस सर्वस्वी दोष देतां येत नाहीं. त्या पैशानें अनेक शेतें लिलांवांतून वांचलीं असतील, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. दुसऱ्या हप्त्यांत भाजीपाला व फळें पिकविणाऱ्यांस मागील वर्षाच्या विक्रीवर मदत देतांना लहान विक्रीस किंचित् अधिक दर ठेवला होता, हेंहि नमूद केलें पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, तहान लागल्यावर विहीर खणतां येत नाहीं. आपत्तींत पाणी जुन्याच पाटानें वाहणार. म्हणून पाटाची दिशा सुधारण्याचें काम सुबत्तेच्या काळांत करावयाचें असतें. तें केलें नाहीं, म्हणजे प्रत्येक नवें संकट जुन्या अन्यायाला नव्यानें पैसा पुरवितें.

हें परक्या देशाचें उणें काढण्यासाठीं आम्हीं लिहिलें नाहीं. आपल्या देशांत फेब्रुवारी २०१९ मध्यें सुरू झालेल्या किसान सन्मान योजनेंत शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं देण्याचें ठरलें, आणि साथीमुळें एप्रिल २०२० मध्यें २,००० रुपयांचा हप्ता आधींच वांटण्यांत आला. पैसे थेट खात्यांत गेले, मध्यस्थ राहिला नाहीं, ही मोठीच सुधारणा. परंतु पात्रतेचा आधार जमिनीची नोंद हाच. सातबारावर ज्याचें नांव त्याला हप्ता. जो बटाईनें किंवा खंडानें दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचें नांव तेथें बहुधा नसतें. कारण १९४८ च्या कुळकायद्यापासून, कुळाचें नांव लागलें तर जमीन जाईल, ही धास्ती मालकाच्या मनांत बसली आणि करार तोंडीच होऊं लागले. कुळास तारण्यासाठीं झालेल्या कायद्यामुळेंच कूळ कागदावरून नाहींसें झालें! नवऱ्यामागें शेत सांभाळणाऱ्या पण वारसनोंद न झालेल्या बाईची गतहि तीच. टायरोन्झा येथून दूर आहे. पण तेथला वाटेकरी आमच्या शिवेवरच राहतो.

मिचेल व ईस्ट यांचीं दुकानें ज्या इमारतींत होतीं, ती आज टायरोन्झांत कुळांच्या चळवळीचें संग्रहालय म्हणून उभी आहे. आर्कान्सा स्टेट विद्यापीठानें ती जतन केली आहे. ज्यांस त्या कौंटींतून हांकलून दिलें, त्यांचीं चित्रें आतां तेथेंच भिंतीवर लावलेलीं आहेत. इतिहासाची ही भरपाई गोड आहे, पण ती फार उशिरां येते आणि तिनें कोणाची चूल पेटत नाहीं. माणूस राबत असतां, जिवंत असतां, त्याचें नांव सरकारच्या वहींत लागावें, एवढें जरी आपल्याला साधलें, तरी पुढच्या संकटाची अर्धी तयारी झाली असें आम्ही समजूं.